नोकरी सांभाळून अर्धवेळ एमबीए: टेबलावर नक्की काय बदलतं?

कुंपणावर (धागाकर्ता)

नमस्कार. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

मी 9 वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, त्यातली शेवटची 3 टीम लीड म्हणून. हाताखाली 7 जण. काम जमतं, आवडतंही. पण गेल्या दोन्ही अप्रेजलमध्ये एकच वाक्य ऐकलं: "तांत्रिक बाजू उत्तम, बिझनेसची समज वाढवा." ही समज म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर साहेबांनी हवेत हाताने एक मोठं वर्तुळ काढलं आणि म्हणाले, "बिग पिक्चर." त्या वर्तुळात कुठे शिरायचं ते मला कळलेलं नाही.

अर्धवेळ एमबीएला प्रवेश मिळतोय. अडीच वर्षं, शनिवार पूर्ण आणि रविवारी अर्धा दिवस. कंपनी अर्धी फी भरेल, पण पदवी मिळाल्यावर 2 वर्षं सोडून जायचं नाही असा कागद करून घेणार. बायको म्हणाली "कर", पण त्या "कर"मधला "क" जरा जास्तच लांबला होता.

माहितीपत्रकातले हसरे चेहरे बघून झालेत. ज्यांनी खरोखर नोकरी करत करत हे केलंय त्यांनी सांगा. पगाराचं विचारायचंच आहे, पण त्याआधी हे की रोजच्या टेबलावर काय बदललं?

---

वाचनमात्र

याच प्रश्नावर मी सहा महिने अडकलेय. माझा फॉर्म अर्धा भरून ड्राफ्टमध्ये पडलाय. वाचतेय.

---

तळटीप

मी केलंय, 8 वर्षांपूर्वी. पदवी मिळाल्यानंतर 14 महिने त्याच खुर्चीवर होतो. म्हणून थोडं थंड पाणी ओततो, राग मानू नका.

पदवीमुळे माणसाची किंमत वाढते, याची दोन कारणं सांगितली जातात. एक, तुम्ही खरंच काहीतरी शिकता. दोन, तुम्ही काही शिकला असा वा नसा, अडीच वर्षं नोकरी सांभाळून हे पार पाडलंत म्हणजे तुम्ही चिवट आहात असं बाहेरच्याला दिसतं. दुसरा मुद्दा मायकल स्पेन्स यांचा, 1973 चा. पुढे 2001 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना जॉर्ज अकेरलॉफ आणि जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासोबत मिळालं. आता गंमत बघा. पदवीची ही खूण तुम्हाला न ओळखणाऱ्यालाच लागते. तुमच्या साहेबांनी तुम्हाला 9 वर्षं पाहिलंय, त्यांना प्रमाणपत्र नवीन काय सांगणार? माझं तिथेच फसलं. मी कंपनीच्या आत वर चढायला पदवी घेतली आणि आत तिचा उपयोग सगळ्यात कमी.

2002 मध्ये जेफ्री फेफर आणि क्रिस्टिना फाँग यांनी एक लेख लिहिला होता. एमबीएची पदवी किंवा तिथले गुण यांचा पुढच्या यशाशी संबंध असल्याचा पुरावा फारच तोकडा आहे, असा त्याचा सूर. फेफर स्वतः स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवतात. घरच्याच माणसाने असं म्हटलं म्हणून मला ते जास्त झोंबलं.

राहिला कागद. यात कंपनीची लबाडीच असते असं नाही. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 मध्येच मांडलंय की जे कौशल्य कुठल्याही मालकाकडे चालतं त्याचा खर्च हा मालक कशाला करेल? केला तर बांधून घेणार. पण सही करण्याआधी तीन गोष्टी वाचा. 2 वर्षं मोजायला सुरुवात कधी, निकालाच्या तारखेपासून की शेवटची फी भरल्यापासून? मध्येच सोडलंत तर सगळी रक्कम परत की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात? आणि त्यांनीच तुम्हाला काढलं तर? माझ्या कागदात तिसऱ्यावर एक शब्दही नव्हता, आणि मला तो न वाचताच सही करायची घाई झाली होती.

---

ग्रीसचे हात

तळटीप यांचं बरंचसं पटलं. माझं वेगळं झालं, ते सांगते. लांब आहे, सवडीने वाचा.

मी एका कारखान्यात देखभाल विभागात होते. अर्धवेळ पदवीला बसले तेव्हा वय 36, मुलगा दुसरीत. तुम्ही टेबलाबद्दल विचारलंत म्हणून टेबलावरूनच सुरू करते, कारण तेव्हा माझ्या टेबलावर एक फाइल होती.

पॅकिंगचं जुनं मशीन बदलायचा प्रस्ताव. फायनान्सने तीनदा परत पाठवलेला. तिन्ही वेळा समासात पेन्सिलने एकच शेरा: "दर कोणता धरला?" तो पाठवणारा माणूस खडूस आहे, अशी माझी खात्री होती. माझं गणित लख्ख होतं. खरे आकडे इथे लिहीत नाही, मशीन 100 ला धरा. दरवर्षी वाचणार 26. आयुष्य 5 वर्षं. म्हणजे चार वर्षांच्या आत पैसे वसूल आणि पाचवं वर्ष निव्वळ फायद्याचं. यात न कळण्यासारखं काय आहे?

दुसऱ्या सत्रात, शनिवारी जेवणानंतरच्या तासाला, सर फळ्यावर लिहीत होते की पाच वर्षांनी हातात येणारे 26 म्हणजे आजचे 26 नव्हेत. कंपनीला पैसा 10 टक्क्यांनी पडत असेल (समासातला "दर" तो हाच) तर पाच वर्षं दरवर्षी येणाऱ्या 1 ची आजची किंमत 5 नाही, 3.79. डोळ्यांवर झोप होती. हात मात्र आपसूक कॅल्क्युलेटरवर गेला. 26 गुणिले 3.79. साडेअठ्ठ्याण्णव. घालायचे 100, मिळायचे साडेअठ्ठ्याण्णव. शिवाय नव्या मशीनचे सुटे भाग स्टोअरमध्ये पडून राहणार, तेही पैसेच. ते मी धरलेच नव्हते.

झोप उडाली. शेजारच्या बाकावरच्या बाईंना वाटलं माझ्या घरून काही फोन आलाय.

सोमवारी मी फायनान्समध्ये गेले आणि म्हटलं, "माझी फाइल परत द्या, गणित चुकलंय." त्या माणसाने 10 वर्षांत पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बसा."

बसले. त्याने मला विचारलं, कारखाना अडतो कुठे? पॅकिंगला की भरणीला? अडायचा भरणीला, हे शाळकरी पोरालाही दिसलं असतं. भरणीचं मशीन तासभर थांबलं की कारखान्याचा तासभर गेला, तो परत येत नाही. पॅकिंग तासभर थांबलं तर मागे माल साचायचा आणि दुसऱ्या पाळीपर्यंत आम्ही तो उपसून काढायचो. मी इतकी वर्षं जे मशीन सगळ्यात जास्त कुरकुरतं त्याच्या मागे धावत होते. जे थांबल्यावर पैसे जातात त्याच्या मागे नाही. त्याच महिन्यात नवा प्रस्ताव लिहिला: पॅकिंगचं मशीन राहू दे, भरणीच्या मशीनसाठी एक तयार गिअरबॉक्स हाताशी ठेवा. खर्च आधीच्या एक तृतीयांशसुद्धा नाही. 9 दिवसांत सही झाली.

तर माझ्या शिक्षणाचं पहिलं फळ म्हणजे मी स्वतःचाच लाडका प्रस्ताव मागे घेतला. माहितीपत्रकात असलं काही छापत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ती फाइल त्या आठवड्यात माझ्या टेबलावर नसती तर 3.79 परीक्षेपुरता राहिला असता. पूर्णवेळ शिकणाऱ्याला हा सोमवार मिळत नाही. मॅकगिल विद्यापीठाचे हेन्री मिंट्झबर्ग हेच वर्षानुवर्षं सांगत आलेत, की ज्याने कधी कारभार हाकलेला नाही त्याला वर्गात बसवून व्यवस्थापक करता येत नाही. 1996 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कामावर असलेल्या व्यवस्थापकांसाठीच वेगळा अभ्यासक्रम काढला. पण सोमवार आपोआप येत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांच्या नोकरीत शनिवारचं काही आजमावून बघायला जागाच नव्हती. तळटीप, तुमचं तसं झालं असेल का? (टोमणा नाही, खरंच विचारतेय.)

सगळेच विषय असे लागू पडले, असं मुळीच नाही. स्ट्रॅटेजीचा पेपर मला फुगा वाटला. मायकल पोर्टर यांच्या 1979 च्या, धंद्यातली स्पर्धा ठरवणाऱ्या पाच शक्ती फळ्यावर पाच बाणांनी काढल्या. चार फिटर सांभाळणाऱ्या बाईने त्यांचं काय करायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. गुण मात्र त्यातच सर्वात जास्त मिळाले.

वर्गातली माणसं हा दुसरा लाभ. ती झोप उडाल्यावर घाबरलेली बाई एका मोठ्या रुग्णालयात परिचारिकांची प्रमुख होती. ऑपरेशन्सच्या तासाला लिटलचा नियम आला, जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला: आत असलेली संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा सरासरी काळ. मला ते बीजगणित वाटलं. ती म्हणाली, "अगं, या माझ्या खाटा आहेत." दिवसाला 20 रुग्ण, प्रत्येक जण सरासरी 5 दिवस, म्हणजे 100 खाटा भरलेल्या. घरी सोडायचा कागद सकाळी तयार झाला आणि अर्धा दिवस वाचला तर 90. दहा खाटा एकही वीट न रचता. मी त्याच आठवड्यात स्टोअरमध्ये दुरुस्तीला पडलेल्या मोटारी मोजल्या. त्याचं काय झालं ते पुन्हा कधीतरी.

करिअर म्हणाल तर पदवीनंतरच्या अप्रेजलमध्ये काही झालं नाही. अभिनंदनाचा ईमेल आला, विभागप्रमुखांपासून वॉचमनच्या सुपरवायझरपर्यंत सगळ्यांना सीसी. जे झालं ते आधीच झालं होतं. तिसऱ्या सत्रात असताना त्या "खडूस" माणसाने मला भांडवली खर्चाच्या बैठकीत बोलावून घेतलं, आधी "तांत्रिक माहितीसाठी", मग दर वेळी. तिथे लोकांनी मला दोन वर्षं बघितलं आणि नियोजन विभागात जागा झाली तेव्हा माझं नाव निघालं. पगार वाढला तो तेव्हा, खुर्ची बदलल्यावर.

घरचं. पहिल्या सत्रात मुलाने त्याच्या वेळापत्रकाच्या खाली स्वतः एक रकाना आखला होता: "आई – रविवार 2 नंतर". पट्टीने आखलेला, अगदी सरळ. तो कागद मी अजून ठेवलाय. अभिमान म्हणून की अपराध म्हणून, ते ठरलेलं नाही.

---

तळटीप

@ग्रीसचे हात, टोमणा असता तरी चालला असता. हो, तसंच झालं. मी तेव्हा अहवाल बनवायचो, तेही ठरलेल्या साच्यात. साच्याला हात लावायची परवानगी नव्हती. शनिवारी शिकलेलं रविवारी संध्याकाळपर्यंत टिकायचं.

14 महिन्यांनी मी कंपनी बदलली, कागदाप्रमाणे उरलेल्या महिन्यांचे पैसे भरून. नव्या ठिकाणी मला कोणी ओळखत नव्हतं आणि तिथे पदवी चालली. म्हणजे स्पेन्स बरोबरच निघाले, फक्त मला महागात पडले.

---

समोरची खुर्ची

मी मुलाखती घेतो, 12 वर्षं झाली. दोनच गोष्टी.

लोक अर्धवेळ आणि एक्झिक्युटिव्ह यांची गल्लत करतात. एक्झिक्युटिव्ह एमबीए हा बराच अनुभव असलेल्यांसाठीचा वेगळा वर्ग, शिकागो विद्यापीठाने तो पहिल्यांदा 1943 मध्ये सुरू केला. अर्धवेळ म्हणजे साधारणपणे पूर्णवेळचाच अभ्यासक्रम, दर सत्राला कमी विषय घेऊन लांबवलेला. 9 वर्षांच्या अनुभवाला दोन्हीकडून फोन येतील. कुठल्या वर्गात कोण बसतंय ते जाऊन बघा, एखाद्या तासाला मागे बसू देतात.

दुसरं. समोर अर्धवेळ एमबीए आला की मी एकच प्रश्न विचारतो: अभ्यास चालू असताना कामावर काय बदललंत? दहातले आठ अभ्यासक्रम सांगायला लागतात. एकाने सांगितलं, "दर शुक्रवारी जाणारा 40 पानी अहवाल बंद केला. तीन आठवडे पाठवलाच नाही, कोणाचा फोन आला नाही, मग विचारून बंद केला." त्याला घेतलं.

---

कुंपणावर

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. रविवार 2 नंतरच्या रकान्यापाशी ती बराच वेळ गप्प होती. (आणि मला अरे-तुरे करा, मी 33 चा आहे.)

एक शंका. तुमच्याकडे मशीन होतं, ते थांबलं की दिसतं. आमच्याकडे नुसते बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका. त्याला असलं गणित कसं लावायचं?

---

ग्रीसचे हात

बरं, अरे-तुरे. बग म्हणजे रुग्णच की रे. येतात, पडून राहतात, जातात. खाटांचंच गणित उलटं फिरव. समजा 120 बग उघडे आहेत, रोज सरासरी 8 येतात आणि 8 निघतात. 120 भागिले 8, म्हणजे एक बग सरासरी 15 दिवस पडून. यासाठी प्रत्येक बगचा इतिहास खणायला नको, दोन आकडे पुरतात. अट एवढीच की येणं आणि जाणं साधारण सारखं असलं पाहिजे. साठा वाढतच चालला असेल तर हा हिशोब फसवतो.

तुझे आकडे काढून बघ. फीसुद्धा नाही याला.

---

कुंपणावर

काढले. गेल्या तिमाहीत उघडे बग 210 च्या आसपास स्थिर, रोज सरासरी 6 बंद. 35 दिवस.

आम्ही क्लायंटला "साधारण 10 दिवसांत" असं सांगत आलोय. खोटं बोलत नव्हतो, फक्त जे बंद झाले त्यातले ताजे आठवत होतो. जुने खाली तळाशी बसलेले आहेत, त्यांच्याकडे कोणी बघतच नाही.

आज साहेबांना हा आकडा दाखवला. त्यांनी हवेत वर्तुळ काढलं नाही. विचारलं, "हे 35 चे 20 केले तर आपल्याला काय मिळेल?" मला सांगता आलं नाही. मग मीच विचारलं की रिलीज आठवडाभर पुढे गेली तर त्याचा खर्च आपल्याकडे कोण मोजतं. ते म्हणाले, "फायनान्समध्ये एक मॅडम आहेत, तिसऱ्या मजल्यावर. मीसुद्धा कधी गेलेलो नाही."

उद्या 4 ची वेळ मिळाली आहे. फॉर्मची मुदत शुक्रवारी. एचआरला कागदातल्या तिसऱ्या मुद्द्याबद्दल ईमेल टाकलाय, उत्तर नाही.

---

तळटीप

ते उत्तर लेखी घ्या. फोनवर "तसं काही होत नाही हो" म्हणतील, मलाही म्हणाले होते.

---

ग्रीसचे हात

उद्या जाताना लॅपटॉप नेऊ नकोस, वही ने. लॅपटॉप उघडलास की त्यांना वाटेल तू सादरीकरण करायला आलायस. आणि 35 हा आकडा कसा काढला ते त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नकोस. त्या विचारतील.

---

वाचनमात्र

ड्राफ्ट उघडलाय. ताई, त्या मोटारींचं काय झालं ते सांगा ना.